अलास्काचा लाभांश आणि थंडीचा खर्च

1968 मध्ये अमेरिकेच्या अलास्का राज्यात प्रुडो बे येथे तेल सापडले, 1977 मध्ये पाइपलाइन सुरू झाली. त्याच्या आदल्याच वर्षी घटनादुरुस्ती करून खनिज स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) किमान 25 टक्के हिस्सा ‘कायम निधी’ या राज्याच्या गुंतवणूक निधीत टाकायचे ठरले होते. 1980 मध्ये राज्याचा प्राप्तिकर रद्द झाला आणि 1982 मध्ये निधीच्या उत्पन्नातून रहिवाशांना पहिला लाभांश वाटला गेला: माणशी 1,000 डॉलर, मुलांनाही तेवढेच.

लाभांश किती द्यायचा याचे सध्याचे भांडण मात्र 2016 चे. लाभांशाचे सूत्र असे, की निधीच्या मागील पाच वर्षांच्या निव्वळ उत्पन्नाच्या बेरजेचे 21 टक्के काढायचे आणि त्याचे निम्मे पात्र अर्जदारांत सारखे वाटायचे. त्या वर्षी माणशी सुमारे 2,050 डॉलर निघत होते. तेलाचे भाव कोसळून राज्याची तिजोरी रिकामी होत चालली होती, म्हणून राज्यपालांनी नकाराधिकार वापरून निम्मी रक्कम रोखली आणि लोकांच्या हाती 1,022 आले. काहीही म्हटले तरी ही डोईपट्टीच. एकट्या श्रीमंताचे हजार गेले, पाच जणांच्या गरीब घराचे पाच हजार. प्राप्तिकर परत आणला असता तर ओझे असे पडले नसते. न्यायालयाने 2017 मध्ये लाभांशालाही दरसाल विधिमंडळाची तरतूद लागते असे ठरवले. सूत्र कायद्यात राहिले, बंधनकारक उरले नाही. एका गटाच्या तोंडी ‘पूर्ण लाभांश’ असतो तो या सूत्राचा. 2018 च्या कायद्याने निधीतून दरवर्षी काढायच्या रकमेला मर्यादा घातली (आता सरासरी बाजारमूल्याच्या 5 टक्के), पण त्यातले सरकारला किती नि लोकांना किती, हे मोघमच ठेवले. 2022 मध्ये इंधनमदतीचे 662 धरून 3,284 मिळाले, 2025 मध्ये पुन्हा 1,000. त्यावर केंद्राचा प्राप्तिकर लागतो तो वेगळाच.

रस्ता नसलेल्या खेड्यांना लाभांश घटल्याची झळ जास्त. वर्षभराचे डिझेल आणि रॉकेल पाणी गोठण्याआधी बार्जने (सपाट तळाच्या मालवाहू नौकेने) येते आणि खरेदीच्या वेळचा चढा भाव पुढल्या उन्हाळ्यापर्यंत मानगुटीवर बसतो. उशीर होऊन बार्ज अडकला तर इंधन विमानाने आणावे लागते. खेड्यांतली महाग वीज स्वस्त करणाऱ्या ‘वीजदर समानीकरण’ या राज्याच्या योजनेची सवलत घरटी महिन्याला पहिल्या 750 युनिटांनाच. घर उबदार ठेवायला शेगडीत जळणाऱ्या तेलाला ती लागू नाही, आणि हिवाळ्यात मोठा खर्च त्याचाच.