वायरची जाडी आणि उष्णतेचा हिशोब

व्यवसायाच्या जागेसाठी वायर घेताना बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: इतक्या अँपिअरला किती चौरस मिलिमीटरची वायर लागेल? प्रश्न रास्त आहे, पण निव्वळ जाडीवरून त्याचे उत्तर देता येत नाही. वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता बाहेर पडायला किती वाव आहे, यावर तिची खरी क्षमता ठरते.

वाहकातून प्रवाह जाताना त्याच्या रोधामुळे उष्णता निर्माण होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूल यांनी १८४०च्या दशकाच्या आरंभी प्रयोगांनी दाखवून दिले. प्रवाह दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट होते. त्यात भर म्हणजे तांबे जसजसे तापते तसतसा त्याचा रोधही दर अंश सेल्सियसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढत जातो. तांबे स्वतः १,०८५ अंशांपर्यंत वितळत नाही. त्याच्याभोवतीचे इन्सुलेशन मात्र फार आधी हार मानते. साध्या पीव्हीसीच्या वायरमध्ये वाहकाचे तापमान सतत ७० अंशांच्या आत राहावे लागते. एक्सएलपीई, म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडून घट्ट केलेले पॉलिएथिलीन, ९० अंश सोसते. अर्थात, एक्सएलपीई केबल ज्या स्विचला किंवा एमसीबीला (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप वीज तोडणाऱ्या स्विचला) जोडायची त्याचे टर्मिनल ९० अंशांसाठी बनवलेले नसेल, तर या वाढीव क्षमतेचा पूर्ण उपयोग करून घेता येत नाही.

आता अडीच चौरस मिलिमीटरच्या, पीव्हीसी इन्सुलेशन असलेल्या तांब्याच्या वायरचे उदाहरण घेऊ. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या तक्त्यांनुसार भिंतीवर बसवलेल्या पाइपमधून या वायरची एकच जोडी जात असेल आणि भोवतालचे तापमान ३० अंश असेल, तर ती २४ अँपिअर वाहू शकते. हाच पाइप उष्णतारोधक थर भरलेल्या भिंतीत गाडला, तर तीच वायर १९.५ अँपिअरवर येते. भोवतालचे तापमान ४० अंश असेल तर मूळ आकड्याला ०.८७ने गुणावे लागते, म्हणजे २४चे सुमारे २१ होतात. त्याच पाइपमध्ये पूर्ण भाराच्या सहा जोड्या कोंबल्या, तर त्या एकमेकींना तापवत राहतात, म्हणून आणखी ०.५७ने गुणावे लागते आणि क्षमता जेमतेम १२ अँपिअर उरते. भट्टीजवळून, पत्र्याच्या छपराखालून किंवा गच्च भरलेल्या केबल ट्रेमधून वायर न्यायची असेल, तर हा गुणाकार करणे अनिवार्य आहे. मला वाटते, निवडीतली सर्वांत जास्त चूक इथेच होते, कारण नव्या जोडण्या एकेक करून वाढत जातात आणि आधीच्या वायरींची क्षमता त्यामुळे घटली आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

एमसीबीची निवडही या घटलेल्या आकड्यावरूनच करायला हवी. यंत्राचा प्रवाह एमसीबीच्या आकड्यापेक्षा जास्त नसावा आणि एमसीबीचा आकडा त्या जागी त्या वायरला झेपणाऱ्या प्रवाहापेक्षा जास्त नसावा. एमसीबी वारंवार पडतो म्हणून वायर तीच ठेवून मोठा एमसीबी बसवणे, हे वायरचे संरक्षण काढून घेण्यासारखेच आहे.

अंतराचा हिशोब वेगळा करावा लागतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यापासून ४० मीटर दूर असलेल्या, १६ अँपिअर घेणाऱ्या हीटरला अडीचची वायर दिली, तर जाऊन-येऊन ८० मीटर तांब्याचा रोध २० अंशांना सुमारे ०.५९ ओहम भरतो, म्हणजे साडेनऊ व्होल्ट वाटेतच जातात. वायर तापल्यावर ही घट अजून वाढते. तोपर्यंतसुद्धा सुमारे १५० वॉट उष्णता पाइपमध्ये वाया जात असते. चारची वायर घातली तर हा आकडा ९४ वॉटवर येतो, आणि वर्षाला ३,००० तास चालणाऱ्या यंत्राबाबत हा फरक सुमारे १७० युनिटचा होतो. जाड वायरीचा वाढीव खर्च तपासताना ही बचतही हिशोबात धरावी. मोटरच्या बाबतीत घट अधिक जाचक ठरते, कारण थेट सुरू होणारी मोटर सुरुवातीला नेहमीच्या सहापट किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढते, आणि तिचा पीळ (फिरवण्याचा जोर, टॉर्क) व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो.

संगणक, एलईडी दिवे आणि तत्सम इलेक्ट्रॉनिक उपकरणे भरपूर असलेल्या कार्यालयात न्यूट्रलकडे, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेकडे, विशेष लक्ष द्यावे. तीन फेजमधला समान भार न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करतो, हे शुद्ध साइन लहरीपुरते खरे आहे. ही उपकरणे प्रवाह तुटक घेतात, त्यामुळे मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचा एक घटक निर्माण होतो, आणि तिन्ही फेजमधून न्यूट्रलमध्ये येऊन तो रद्द होण्याऐवजी त्याची बेरीज होते. फेजमध्ये त्याचा वाटा ४० टक्के असेल, तर न्यूट्रलमध्ये मूळ प्रवाहाच्या १२० टक्के प्रवाह वाहतो. अशा ठिकाणी न्यूट्रलची जाडी अर्धी ठेवणे धोक्याचे असून केबलची निवडच न्यूट्रलच्या प्रवाहावरून करणे योग्य ठरते.

मोठ्या मुख्य केबलसाठी ॲल्युमिनियम अगदी समाधानकारक असते. त्याची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असली, तरी समान रोधासाठी त्याचे वजन साधारण निम्मेच भरते. त्याची उणीव जोडणीत आहे. त्याच्या पृष्ठभागावर वीज न वाहणारा ऑक्साइडचा थर लगेच जमतो आणि दाबाखाली धातू हळूहळू सरकत गेल्याने स्क्रू ढिला पडतो, म्हणून योग्य लग (केबलच्या टोकाला बसवायचा धातूचा जोड), योग्य क्रिंपिंग (तो दाबून घट्ट बसवणे) आणि तांब्याशी जोडताना दुहेरी धातूचा लग आवश्यक असतो.

बाह्य आवरण ठरवताना ती जागा कोणती आहे, हे पाहावे. जमिनीखाली किंवा जिथे आघात होण्याची शक्यता आहे तिथे आर्मर्ड, म्हणजे धातूचे कवच असलेली, केबल हवी. मात्र एकेरी गाभ्याच्या एसी केबलला पोलादी आर्मर चालत नाही, कारण बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे ते पोलादच तापते. लोकांची वर्दळ असलेल्या इमारतीत धुराचा विचार टाळता येत नाही. पीव्हीसी जळताना दाट धुराबरोबर हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो आणि तो डोळे व श्वसनमार्ग जाळतो, त्यामुळे जिने आणि बाहेर पडण्याचे मार्ग यांच्यालगत हॅलोजनविरहित (क्लोरीनसारखी मूलद्रव्ये नसलेली), कमी धुराची केबल घालावी. आगीचा पंप, धोक्याची घंटा आणि आपत्कालीन दिवे यांना एवढ्यानेही भागत नाही. त्यांची केबल आगीतही काही काळ वीज देत राहिली पाहिजे, आणि त्यासाठी वाहकाभोवती अभ्रकाची पट्टी गुंडाळलेली, अग्निप्रतिरोधक म्हणून तपासलेली केबल तितक्याच आगसह आधारांवर बसवावी लागते.