रद्द झालेले विजय (अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधल्या शिक्षा)

अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉल टीमने नियम मोडले की एनसीएए ही संघटना त्या टीमला (तिकडे टीम, कोच, स्टाफ, पैसा या सगळ्या पसाऱ्याला मिळून 'प्रोग्राम' म्हणतात) ज्या शिक्षा करते, त्यातली सगळ्यात विचित्र शिक्षा म्हणजे जिंकलेल्या मॅचेस रेकॉर्डमधून पुसून टाकणं. याला 'व्हेकेट' करणं म्हणतात. म्हणजे मॅच झाली, लाखो लोकांनी टीव्हीवर बघितली, जिंकल्याच्या खुशीत पोरांनी शिडीवर चढून रिंगची जाळी कापली, आणि चार-पाच वर्षांनी निकाल येतो की ती मॅच तुम्ही जिंकलीच नव्हती. बरं मग समोरची टीम जिंकली का, तर तीही नाही. फोरफिट केलेल्या मॅचमध्ये विजय समोरच्याच्या खात्यात जातो, व्हेकेट केलेल्या मॅचचा विजय कुणाच्याच खात्यात जात नाही, तो नुसता गायब होतो.

एनसीएए ही १९०६ साली सुरू झालेली, आता इंडियानापोलिसमध्ये ऑफिस असलेली कॉलेजांचीच संघटना आहे, सरकारी खातं नाही. त्यामुळे तिला कुणाला समन्स काढता येत नाही, कुणाच्या घरावर धाड टाकता येत नाही, कॉलेजात शिकत नसलेल्या आणि तिथे नोकरीला नसलेल्या माणसाने फोन उचलला नाही तर विषय संपला. उलट बाजूने बघितलं तर सरकारी खातं नसल्यामुळे सरकारवर असतात तशी बंधनंही तिच्यावर नाहीत, हे १९८८ साली सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगून टाकलं. ती केस नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास कॅम्पसचे कोच जेरी टार्केनियन यांची. हा माणूस एनसीएएशी अर्धं आयुष्य भांडला आणि शेवटी १९९८ साली २५ लाख डॉलरची तडजोड पदरात पाडून घेतली. मोठ्या कॉलेजांना हात लावायचा नाही आणि राग छोट्यांवर काढायचा हा एनसीएएवरचा जुना आरोप, आणि त्याचं सगळ्यात भारी वर्णन टार्केनियन यांचंच, की एनसीएए केंटकीवर इतकी चिडलीय की आता क्लीव्हलंड स्टेटला अजून दोन वर्षं प्रोबेशन देणार (केंटकी बडं कॉलेज, क्लीव्हलंड स्टेट छोटं, आणि प्रोबेशन म्हणजे ठरावीक वर्षं नजरेखाली राहणं).

मुळात नियम कसले

आपल्याकडच्या इंटरकॉलेज मॅचेस डोळ्यासमोर आणू नका, तिथे प्रेक्षक म्हणजे होस्टेलची पोरं आणि एखादा पीटीचा सर. तिकडे मार्चमधल्या ६८ टीमच्या टूर्नामेंटचे टीव्ही हक्क २०१० साली १४ वर्षांसाठी १०८० कोटी डॉलरला गेले होते. एवढा पैसा फिरत असताना खेळणाऱ्या पोराला मात्र २०२१ पर्यंत स्कॉलरशिप सोडून एक डॉलर घ्यायला बंदी होती, कारण तो 'हौशी' खेळाडू. मग जे व्हायचं तेच व्हायचं. पैसा मागच्या दाराने यायचा, कधी बूस्टरकडून, म्हणजे कॉलेजवर जीव टाकणाऱ्या पैसेवाल्या चाहत्याकडून, कधी एजंटकडून, कधी बूट कंपनीकडून. बाकीचे नियम म्हणजे बारावीतल्या पोराला किती फोन करायचे, कधी भेटायचं, मार्कांमध्ये फेरफार, परीक्षेला दुसऱ्याला बसवणं वगैरे.

शिक्षा देते ती इन्फ्रॅक्शन्स कमिटी. प्रोबेशन जवळपास दर मोठ्या केसमध्ये असतंच, त्याचं फारसं कुणाला वाटत नाही. स्कॉलरशिप कमी करणं हे हळूहळू भिनणारं विष, कारण टीमच दुबळी होत जाते. पोस्टसीझन बॅन म्हणजे त्या वर्षी मार्चच्या टूर्नामेंटमध्ये खेळायचं नाही, हा खरा दणका. टूर्नामेंटमधून मिळालेले पैसे परत घेतात, दंडही करतात. कोचसाठी वेगळी शिक्षा आहे, शो-कॉज. नाव ऐकून आपल्याला ऑफिसातली कारणे दाखवा नोटीस आठवते पण इथे अर्थ जवळपास उलटा आहे, कारणं त्या माणसाने द्यायची नसतात, त्याला नोकरी देणाऱ्या पुढच्या कॉलेजने द्यायची असतात, की याला घेतलं तरी आम्हाला शिक्षा का करू नये. साहजिकच त्या मुदतीत सहसा कुणी त्याला दारात उभं करत नाही.

सुरुवात केंटकीपासून

१९५१ च्या ऑक्टोबरमध्ये केंटकीचे तीन माजी खेळाडू पकडले गेले. १९४९ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोयोला शिकागोविरुद्धच्या मॅचमध्ये त्यांनी सट्टेवाल्यांकडून ५०० - ५०० डॉलर घेऊन गुणांचा फरक कमी ठेवायचं कबूल केलं होतं, आणि त्या नादात मॅचच हरले. त्यातले राल्फ बियर्ड आणि अ‍ॅलेक्स ग्रोझा तोवर एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, स्टार झाले होते, त्यांचं करिअर तिथेच संपलं. विशेष म्हणजे कोच अ‍ॅडॉल्फ रप त्याआधी छातीठोकपणे सांगत फिरत होते की सट्टेवाले माझ्या पोरांच्या जवळपास फिरकूसुद्धा शकणार नाहीत. चौकशीत खेळाडूंना दिलेल्या बेकायदा पैशांचंही प्रकरण निघालं आणि एनसीएएने बाकीच्या कॉलेजांना सांगितलं की केंटकीशी खेळू नका, झालं, १९५२-५३ चा अख्खा सीझन गेला. रप नोकरीत राहिले. पुढच्या वर्षी टीम २५-० अशी एकही मॅच न हरता गेली.

यापेक्षा मोठी शिक्षा बास्केटबॉलमध्ये फक्त साउथवेस्टर्न लुइझियानाला झाली, १९७३ साली, शंभरावर नियमभंग, दोन सीझन टीमच बंद.

मिशिगन आणि आकडेवाला

१९९१ साली मिशिगनमध्ये पाच पोरं एकदम आली, ख्रिस वेबर, जेलन रोझ, जुवान हॉवर्ड, जिमी किंग, रे जॅक्सन. फॅब फाइव्ह. ढगळ चड्ड्या, काळे मोजे, कोर्टवर तोंड चालू, म्हाताऱ्यांना राग आणि पोरांना वेड. पहिल्याच वर्षी फायनल, दुसऱ्या वर्षी पुन्हा फायनल, दोन्ही हरले, दुसरी तर वेबरने शिल्लक नसलेला टाइमआउट मागितला त्या प्रसंगामुळे कायमची लक्षात राहिलेली.

डेट्रॉइटमध्ये एड मार्टिन नावाचा फोर्ड कंपनीतला निवृत्त इलेक्ट्रिशियन होता, मोटारींच्या कारखान्यांमध्ये आकड्यांचा बेकायदा धंदा चालवायचा, आपल्याकडच्या मटक्याचाच भाऊ. बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांचा फार लळा. फेब्रुवारी १९९६ मध्ये मिशिगनच्या एका खेळाडूची गाडी उलटली, त्यात भरतीसाठी बघायला आणलेला एक शाळकरी पोरगा पण होता, आणि एवढी महागडी गाडी कॉलेजच्या पोराकडे आली कुठून असा प्रश्न निघाला. (तो शाळकरी पोरगा म्हणजे मटीन क्लीव्ह्स, तो नंतर मिशिगन स्टेटला गेला आणि २००० साली विजेतेपद घेऊन आला, म्हणजे गाडी उलटली ती पण शेजाऱ्याच्या फायद्याची.) सरकारी खटल्यात २००२ साली मार्टिनने गुन्हा कबूल केला, वेबर आणि इतर तिघांना मिळून ६ लाख १६ हजार डॉलर दिल्याचं बाहेर आलं. कॉलेजने स्वतःच त्या वेळच्या मॅचेस व्हेकेट केल्या, त्या यशाचे टांगलेले बॅनर उतरवले, सुमारे साडेचार लाख डॉलर परत केले आणि २००३ च्या टूर्नामेंटमधून टीम बाहेर काढली. एनसीएएने त्यावर चार वर्षं प्रोबेशन लावलं आणि पैसे घेतलेल्या चौघांशी दहा वर्षं कसलाही संबंध ठेवायचा नाही असं कॉलेजला बजावलं.

आता २००३ च्या टीममधली पोरं घ्या. वेबर टाइमआउट मागत होता तेव्हा ती शाळेत होती. वेबर तोवर एनबीएमधून कोट्यवधी कमावत होता. आणि फॅब फाइव्हमधल्या बाकीच्या चौघांवर पैसे घेतल्याचा ठपकाच नाही, तरी मॅचेस त्यांच्याही गेल्या. ते बॅनर फेकले मात्र नाहीत, विद्यापीठाच्याच बेंटली ऐतिहासिक ग्रंथालयात नेऊन ठेवले.

लुईव्हिल, २०१३

८ एप्रिल २०१३, अटलांटा, फायनल, लुईव्हिल ८२, मिशिगन ७६. ल्यूक हॅनकॉकने पाचपैकी पाच तीन-पॉइंटर टाकले आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याआधीच्या आठवड्यात ड्यूकविरुद्ध केविन वेअरच्या पायाचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं लोकांनी लाइव्ह बघितलं होतं, त्यामुळे त्या विजयाला सगळ्या देशाची सहानुभूती होती. कोच रिक पिटिनो यांचं नाव त्याच दिवशी हॉल ऑफ फेमसाठी जाहीर झालं. जिंकलात तर टॅटू काढेन असं त्यांनी पोरांना कबूल केलं होतं, साठीच्या माणसाने खरंच पाठीवर विजेतेपद आणि ३५-५ हा सीझनचा हिशोब गोंदवून घेतला.

ऑक्टोबर २०१५ मध्ये एका बाईने सांगितलं की २०१० ते २०१४ या काळात टीमच्या होस्टेलवर तिने नाचणाऱ्या बायका पुरवल्या, काही वेळा पैसे घेऊन शरीरसंबंधही झाले, आणि हे सगळं ठरवत होता बास्केटबॉल स्टाफमधला अँड्रे मॅगी. गिऱ्हाईक कोण, तर खेळाडू आणि कॉलेज बघायला आलेली भावी पोरं, त्यातली काही अल्पवयीन. त्या होस्टेलला नाव बिली मिनार्डी यांचं, पिटिनोंचे मेव्हणे, ९/११ च्या हल्ल्यात गेले. पिटिनोंचं म्हणणं शेवटपर्यंत एकच, मला काही माहीत नव्हतं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये कॉलेजने आपणहून त्या वर्षीच्या टूर्नामेंटवर पाणी सोडलं. हे असं 'सेल्फ-इम्पोज्ड' शिक्षा घेणं म्हणजे मास्तरांनी मारायच्या आधी आपणच अंगठे धरून उभं राहणं, पुढचा मार कमी होईल ही आशा. अडचण अशी की शेवटच्या वर्षाची दोन पोरं, डेमियन ली आणि ट्रे लुईस, दुसऱ्या कॉलेजांतून खास मार्चची टूर्नामेंट खेळायला मिळावी म्हणून त्याच वर्षी लुईव्हिलला आली होती. होस्टेलवर हे प्रकार चालू होते तेव्हा दोघं तिथे नव्हतेच. ती टूर्नामेंट त्यांना कधीच मिळाली नाही.

आणि मार कमी झालाही नाही. जून २०१७ मध्ये एनसीएएने चार वर्षं प्रोबेशन, पिटिनोंना पाच मॅचेस बंदी, मॅगीला दहा वर्षं शो-कॉज दिला आणि ज्या खेळाडूंना हे 'फायदे' मिळाले ते खेळलेल्या मॅचेस रद्द करायला सांगितलं. युक्तिवाद सरळ आहे, अवैध फायदा घेतला की खेळाडू अपात्र आणि अपात्र खेळाडू उतरवला की विजय अवैध. २० फेब्रुवारी २०१८ ला अपील फेटाळलं आणि १२३ विजय गेले, २०१२ ची फायनल फोर (टूर्नामेंटमधल्या शेवटच्या चारांतली जागा) गेली, २०१३ चं विजेतेपद गेलं, वर सुमारे ६ लाख डॉलर परत करायचे. पुरुषांच्या डिव्हिजन वन, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीच्या, बास्केटबॉलमध्ये विजेतेपद रद्द व्हायची ही पहिलीच वेळ. स्टेडियममधला बॅनर खाली आला. मिशिगनला काही मिळालं नाही. २०१३ च्या पुढे विजेत्याची जागा रिकामी.

हॅनकॉक आणि आणखी काही खेळाडू, ज्यांचा या भानगडीशी संबंध नव्हता, ते कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये तडजोड झाली. त्यांचे वैयक्तिक आकडे आणि हॅनकॉकचा पुरस्कार परत आला. म्हणजे आता अधिकृत परिस्थिती अशी, की न झालेल्या विजेतेपदाचा सर्वोत्तम खेळाडू ल्यूक हॅनकॉक आहे. टॅटूचं काय करायचं यावर एनसीएएकडे नियम नाही.

पिटिनोंची नोकरी गेली ती या प्रकरणात नाहीच. सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयने बूट कंपन्यांकडून भावी खेळाडूंच्या घरी जाणाऱ्या पैशांचं रॅकेट उघडं केलं त्यात लुईव्हिलचं नाव आलं म्हणून ऑक्टोबरमध्ये त्यांना काढलं. त्या दुसऱ्या प्रकरणाचा निकाल २०२२ च्या नोव्हेंबरात लागला, पिटिनो निर्दोष, कॉलेजला दोन वर्षं प्रोबेशन आणि ५ हजार डॉलर दंड. दरम्यान ते ग्रीसमध्ये कोच होते, मग आयोना आणि २०२३ पासून सेंट जॉन्स या कॉलेजांत, आणि २०२५ मध्ये तिथे बिग ईस्ट या कॉलेजांच्या गटाचं विजेतेपद पण घेतलं.

कोच पुढे निघून जातात

जॉन कॅलिपारींच्या दोन फायनल फोर रद्द झाल्या, १९९६ ची मॅसॅच्युसेट्सबरोबरची आणि २००८ ची मेम्फिसबरोबरची. दोन्ही वेळा निकाल येईपर्यंत गडी पुढच्या नोकरीवर, त्यांच्यावर वैयक्तिक ठपका नाही, २०१२ ला केंटकीत विजेतेपद. केल्विन सॅम्पसन यांना भावी खेळाडूंना जास्त फोन केले म्हणून २००८ मध्ये पाच वर्षांचा शो-कॉज मिळाला, आणि त्याची मुदत संपायच्या आतच, २०१२ मध्ये, एनसीएएने पुरुष बास्केटबॉलमधली फोनची मर्यादा काढून टाकली! ह्यूस्टनला जाऊन ते २०२५ च्या फायनलपर्यंत पोचले.

बेलर विद्यापीठाची गोष्ट यात बसवायला जीव होत नाही. २००३ मध्ये तिथल्या एका खेळाडूचा टीममधल्याच दुसऱ्याने खून केला, आणि कोच डेव्ह ब्लिस यांनी त्याची फी गुपचूप भरल्याचं बाहेर पडू नये म्हणून मेलेला पोरगा ड्रग्ज विकत होता असं इतरांना सांगायला लावायचा प्रयत्न केला. सहायक कोचने ते रेकॉर्ड केलं. ब्लिसना दहा वर्षं शो-कॉज, आणि टीमला २००५-०६ मध्ये आपल्या गटाबाहेरची एकही मॅच नाही.

२०२१ नंतर

जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे घ्यायला परवानगी मिळाली आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कोर्टातल्या तडजोडीनंतर कॉलेजंच थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी कॉलेजमागे मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. मिशिगनमधल्या चौघांच्या ६ लाखांत आज बऱ्यापैकी एक खेळाडूही कदाचित येणार नाही. एफबीआय प्रकरणातल्या उरलेल्या केसेसही याच काळात निकाली निघाल्या, आणि त्यात ओक्लाहोमा स्टेटने लाच घेणाऱ्या सहायक कोचला लगेच काढलं, चौकशीत सहकार्य केलं, तरी त्यांना २०२२ च्या टूर्नामेंटची बंदी. कॅन्ससने शेवटपर्यंत वाद घातला, २०२३ मध्ये त्यांची २०१८ ची फायनल फोर गेली पण टूर्नामेंटबंदी नाही. त्यांचं २०२२ चं विजेतेपद शाबूत आहे, बॅनर वर आहे.

२०२२ च्या नव्या घटनेत एनसीएएने लिहून टाकलंय की ज्यांचा दोष नाही त्यांना शक्यतो शिक्षा होऊ नये, म्हणून आता कल मोठ्या दंडाकडे आहे. व्हेकेट करणं मात्र अजून नियमांत आहेच.