मोटर नुसती ‘घूं’ करते, फिरत नाही
(बागायतदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पाऊस सरला की गुहागर-दापोलीकडे पोफळीच्या बागांचं शिंपण सुरू होतं आणि चार महिने बंद पडून असलेले पंप पुन्हा चालू होतात. काही नुसतेच ‘घूं’ करतात. तसं झालं तर आधी स्विच बंद करा. अडकलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते, तिचा पंखाही थांबलेला असतो, त्यामुळे वाइंडिंग (आतलं तारेचं वेटोळं) बघता बघता जळतं.

हे का होतं ते नीट सांगतो. घरात दहावीचं कुणी असेल तर त्यांनाही वाचायला द्या.

तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे १८२० साली ऑर्स्टेड यांनी होकायंत्राची सुई हललेली पाहून ओळखलं. सिंगल फेजची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणून एका वाइंडिंगचं क्षेत्र पडवीतल्या झोपाळ्यासारखं पुढे-मागे होतं, गोल फिरत नाही. थांबलेल्या रोटरला (मोटरीतल्या फिरणाऱ्या भागाला) ते दोन्हीकडे सारखाच जोर लावतं. फिरवणारा जोर, म्हणजे टॉर्क, शून्य. म्हणून दुसरं वाइंडिंग असतं आणि कपॅसिटर (चार्ज साठवणारा छोटा भाग) त्यातला करंट साधारण पाव आवर्तनाने पुढे सरकवतो. दोन्ही मिळून क्षेत्र खरोखर फिरू लागतं: दोन पोलच्या (चुंबकीय टोकांच्या) मोटरीत मिनिटाला ३००० फेरे. रोटर त्याच्या थोडा मागेच राहतो. तो बरोबरीला आला तर त्यात करंटच निर्माण होणार नाही, मग टॉर्क कुठला?

मोटर न फिरण्याचं पहिलं कारण म्हणजे कपॅसिटर. तो गेला असेल तर शाफ्टला (मोटरीच्या दांड्याला) हाताने झटका दिल्यावर मोटर चालू होते, हे खरं. पण ज्या दिशेला झटका, त्या दिशेला ती फिरते, आणि बोटंही जातात. कृपा करून हे करू नका.

दुसरं कारण कमी व्होल्टेज. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० ऐवजी १८० मिळाले तर जोर जेमतेम ६१ टक्के उरतो. त्यात खाऱ्या हवेने बेअरिंग गंजलेलं किंवा इंपेलर (पंपातला पाणी ढकलणारा पंखा) चिकटलेला असला की तेवढा पुरत नाही.

मोटर आमच्याकडे दुरुस्तीला आणताना कपॅसिटर स्वतः सोडवू नका, वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो. डबीसकट आणा. त्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा पाहूनच आम्ही नवा बसवतो.