पाळकांचा मानसिक ताण

ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, सेवा करणाऱ्या पाळकाला त्या सेवेच्या स्वरूपामुळेच जडणारा थकवा, चिंता व नैराश्य. मंडळीत याला अनेकदा श्रद्धेची उणीव समजले जाते. पाळकही स्वतःबद्दल तसेच समजतो आणि मदत मागायला उशीर करतो.

हा त्रास जुना आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या संन्याशाने भरदुपारी येणाऱ्या मरगळीची लक्षणे नोंदवली : सूर्य जागचा हलत नाही असे वाटणे, खोलीचा वीट येणे, बंधूंमधले प्रेम आटले अशी खात्री होणे. लंडनमध्ये 1856 साली चार्ल्स स्पर्जन या ख्रिस्ती उपदेशकाच्या सभेत आग लागल्याची खोटी ओरड झाली आणि चेंगराचेंगरीत सात जण दगावले. या धक्क्यानंतर विषण्णतेने त्याला वारंवार गाठले. आपल्या विद्यार्थ्यांशी तो त्याबद्दल उघडपणे बोले.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाच्या युनायटेड मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या पाळकांचा अभ्यास ड्यूक विद्यापीठाने 2007 पासून केला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नैराश्याचे प्रमाण फोनवरील मुलाखतींत 8.7 टक्के, तर स्वतः भरलेल्या प्रश्नावलीत 11.1 टक्के आढळले. तुलनेसाठी घेतलेला राष्ट्रीय आकडा 5.5 टक्के होता. कामाचा ताण आणि आयुष्यातील अनिश्चितता यांच्या जोडीला दोन आतली कारणे ठळक दिसली : आपण पुरेसे काम करत नाही ही अपराधी भावना आणि आपल्या पाचारणाबद्दलची, म्हणजे देवाने आपल्याला या सेवेसाठी बोलावल्याबद्दलची, शंका.

कामाची घडणच तशी आहे. सकाळी अंत्यविधी, संध्याकाळी लग्न, रात्री रुग्णालयातून फोन आणि रविवारी उपदेश ठरलेलाच. ऐकलेली गुपिते पत्नीलाही सांगता येत नाहीत. घर मंडळीचे, पगार मंडळीचा, मित्रही मंडळीतलेच. त्यामुळे एका वादात तिन्ही धोक्यात येतात. बदलीचा अधिकार असलेल्या वरिष्ठांपुढे मन मोकळे करणे तर त्याहून अवघड. महाराष्ट्रातील अनेक गावांच्या मंडळ्या एकट्याने सांभाळणाऱ्या पाळकाला प्रवास आणि एकटेपणाचीही भर पडते.

उपाय करताना केवळ प्रकृतीकडे पाहून भागत नाही. ड्यूकच्याच दोन वर्षांच्या आरोग्य-उपक्रमात पाळकांच्या चयापचयाच्या तक्रारी कमी झाल्या, पण नैराश्य व ताण हटला नाही. म्हणून ताणावर थेट काम करावे लागते. आठवड्यातील एक पूर्ण दिवस सुटीचा ठरवावा आणि त्या दिवशीच्या तातडीच्या हाका दुसऱ्या पाळकाने किंवा मंडळीतील वडीलधाऱ्यांनी घ्याव्यात. बदली माणूस नेमला नाही तर सुटी कागदावरच राहते. बोलण्यासाठी नेमणुकीशी संबंध नसलेली, मंडळीबाहेरची व्यक्ती हवी. बायबलमध्ये रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी झोपू दिले, भाकर-पाणी दिले. अलीशा या शिष्याची सोबत पुढे मिळाली. हा क्रम आजही योग्य आहे.

दोन आठवडे सलग उदासी, झोप किंवा भूक बिघडणे, प्रार्थनेत व माणसांत मन न रमणे दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रचलित चाचणीत 27 पैकी 10 वा अधिक गुण आल्यास तपासणी टाळू नये. उपचार चालू असताना उपदेशाची जबाबदारी काही आठवडे काढून घ्यावी, पगार मात्र थांबवू नये. आत्महत्येचे विचार आल्यास प्रार्थनेबरोबर त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. भारत सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतूनही, दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.