कुत्र्याचा पंजा की बिबट्याचा? आधी नखं बघणं सोडा

भातकापणी सुरू झाली, दिवाळीच्या सुट्टीत मुंबईची मुलं गावी आली, की वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो फोटो फिरायला लागतो. चिखलात उमटलेला पंजा, पुढे टोकदार नखांच्या खुणा आणि खाली मजकूर, ‘रात्री वाघ येवन गेलो, पोरांक सांभाळा.’ पंजा बहुतेक वेळा कुत्र्याचा असतो. नखं दिसली म्हणजे हिंस्र जनावर, हा हिशेबच उलटा आहे. कोकणात ज्याला वाघ म्हणतात तो सहसा बिबट्या, आणि चालताना त्याची नखं आत ओढलेली असतात. कुत्र्याला ती आत घेता येत नाहीत, म्हणून त्याची उमटतात.

एवढं आता बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. पण ते तिथेच थांबतात, आणि दुसरा घोळ सुरू होतो. डांबरी रस्त्यावर फिरून नखं झिजलेला कुत्रा कडक, सुकत आलेल्या मातीवरून गेला तर नखं उमटतीलच असं नाही. उलट निसरड्या बांधावरून उतरताना बिबट्या पकडीसाठी नखं बाहेर काढतो आणि त्यांच्या रेघा चिखलात राहतात. ‘नखं नाहीत, म्हणजे वाघच’ हे वाक्य मुलांसमोर छातीठोकपणे बोललं जातं तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण मुलं ते जन्मभर लक्षात ठेवतात.

खरा फरक गादीत, म्हणजे बोटांमागच्या मोठ्या मऊ भागात, आणि बोटांच्या मांडणीत आहे. मुलांना तिथेच उकिडवं बसवा.

आधी गादी बघा. बिबट्याची गादी बोटांच्या मानाने मोठी आणि रुंद. तिच्या मागच्या कडेला तीन फुगीर उंचवटे शेजारी शेजारी दिसतात, आणि पुढची कड टोकदार नसून बोथट, सपाट असते. कुत्र्याची गादी लहान, साधारण त्रिकोणी, पुढे निमुळती. ठसा अर्धवट असला, बोटं पुसली गेली असली, तरी गादीची मागची कड शाबूत असेल तर बरंचसं कळतं. मला विचाराल तर पहिली नजर तिथेच जायला हवी.

मग बोटं. कुत्र्याची मधली दोन बोटं एका ओळीत, बाजूची दोन त्यांच्या मागे. ठशाच्या मधोमध रेघ ओढली तर दोन्ही बाजू सारख्या भरतात. बिबट्याचं तसं नाही. आपला हात जमिनीवर पालथा ठेवला तर मधलं बोट जसं सगळ्यांत पुढे जातं, तसं त्याचं एक बोट पुढे असतं आणि बाहेरच्या कडेचं बोट मागे राहतं. त्यामुळे ठसा डाव्या पायाचा की उजव्या, हेही सांगता येतं. मधल्यांपैकी उजवीकडचं बोट पुढे असेल तर पाय डावा. मुलं स्वतःचा हात शेजारी ठेवून पडताळतात, आणि एकदा जमलं की मग प्रत्येक ठशाला डावा-उजवा लावत सुटतात.

तरीही शंका राहिली तर माडाच्या झावळीचे दोन हीर, म्हणजे पात्यांमधल्या ताठ काड्या, घ्या. एक हीर डाव्या बाजूच्या दोन बोटांमधून तिरका आत न्या आणि उजवीकडे बाहेरचं बोट नि गादी यांच्या फटीतून बाहेर काढा. दुसरा याच्या उलट. कुत्र्याच्या ठशात हे दोन्ही हीर मधल्या उंच राहिलेल्या मातीवर फुलीसारखे बसतात, गादीला सहसा लागत नाहीत. बिबट्याच्या ठशात ते गादी कापत जातात, कारण तिथे मोकळी जागा गादीभोवती कमानीसारखी वळलेली असते.

आकारावर मात्र विसंबू नका. मोठ्या बिबट्याचा पंजा साधारण 7 ते 9 सेंटिमीटर रुंद, पण दांडगा कुत्राही तिथवर पोचतो, आणि पातळ चिखलात कुठलाही ठसा पसरून मोठा होतो. कोल्हा लहान आणि चिंचोळा, त्यात फसण्यासारखं काही नाही. पाच बोटं दिसली तर कांडेचोर (उदमांजर), पाणमांजर असं कुणीतरी. तरसाची नखं उमटतात, पण त्याचा पुढचा पंजा मागच्याहून ठळक मोठा असतो. खुरांचं नंतर शिकवा.

जांभ्याच्या सड्यावर ठसे शोधण्यात वेळ घालवू नका, कातळावर काही उमटत नाही. पावसाळा सरल्यावर व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेचा गाळ, कापलेल्या मळ्यातला अर्धवट सुकलेला चिखल, पाणंदीतली मऊ माती, इथे बघा. सकाळी ऊन तिरपं असताना सावल्या पडतात आणि गादीच्या कडा उठून दिसतात. भर दुपारी तोच ठसा सपाट वाटतो. तिन्हीसांजेला आणि पहाटे मुलांना घेऊन व्हाळावर मुळीच जाऊ नये.

फोटो बरोबर वरून काढा, शेजारी पट्टी ठेवून. तिरपा काढलेला, मोजमाप नसलेला फोटो निरुपयोगी असतो आणि घबराट तेवढी पसरवतो. त्याहून चांगलं, ठशावर वरून पारदर्शक प्लास्टिक धरा आणि मुलांना स्केच पेनने कडा गिरवू द्या. वनरक्षक पूर्वी असेच काचेवर वाघांचे ठसे उतरवत. 1972 ची देशभरातली व्याघ्रगणना पाऊलखुणांवरच झाली होती. पुढे ही पद्धत मोजणीसाठी भरवशाची नाही म्हणून मागे पडली आणि कॅमेरे आले. ठशावरून एकेक वाघ ओळखणं अवघड. कुत्रा की बिबट्या, एवढं मात्र शाळेतलं पोरही शिकतं.

आणि गादीवर तीन उंचवटे दिसले, एक बोट पुढे आहे, माती अजून ओली आहे, तर माग काढत पुढे जाऊ नका. शेजारी तसेच लहान पंजे असतील तर पिल्लं जवळपास असू शकतात, लगेच मागे फिरा. मुलांना मधे घ्या, आपसात बोलत घराकडे या. फोटो ग्रुपवर टाकण्याआधी वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.