हळद-बेदाणा परदेशी पाठवताय? भाव पक्का करण्याआधी हे वाचा

दुबईहून फोन येतो, भाव जमतो आणि आपण लगेच गाडीच्या शोधाला लागतो. आम्ही निर्यातीचे कागद करतो, म्हणून सांगलीतल्या आमच्या ग्राहकांना कळकळीची विनंती आहे, शब्द देण्याआधी एकदा कागद दाखवून जा.

कारण माल कितीही चोख असला, तरी तो त्या दिवशी देशाबाहेर जाऊ शकतो की नाही हे ठरतं परकीय व्यापार (विकास व नियमन) अधिनियम, 1992 या कायद्याने. त्याखाली केंद्र सरकार अधिसूचना काढून एखादा माल खुला करतं, अटी घालतं किंवा थेट बंद करतं. कांद्याचं आठवून बघा. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातबंदी आली. 4 मे 2024 ला ती उठली, पण टनाला किमान 550 डॉलर भाव आणि वर 40 टक्के शुल्क. त्याच सप्टेंबरमध्ये किमान भावाची अट गेली, शुल्क 20 टक्क्यांवर आलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही निघालं. बंदी आली त्या दिवशी ज्यांचा माल जहाजावर चढू लागला होता किंवा कस्टमच्या ताब्यात गेला होता, त्यांना वाट मिळाली. गोदामात भरून ठेवलेल्या पोत्यांना मिळाली नाही. म्हणून करारात ‘सरकारी बंदी आल्यास’ काय करायचं ही ओळ हवीच, मग माल कुठलाही असो.

आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांकाशिवाय धंद्याची निर्यात करता येत नाही. तो पॅनचाच क्रमांक असतो, सरकारी फी 500 रुपये. मिळाला की लोक विसरतात, आणि खरी अडचण तिथेच होते. दर वर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर माहिती तपासून कायम करावी लागते, बदल नसला तरीही. राहिलं तर क्रमांक निष्क्रिय होतो, आणि ते कळतं शिपिंग बिल, म्हणजे कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद, भरायला बसल्यावर.

आता मालाचं नाव. आमच्याकडे आलेल्या एका बिलावर नुसतं ‘हळद’ लिहिलं होतं, पॅकिंग लिस्टवर ‘हळद पावडर’, आणि कस्टमसाठी मालाचा जो कोड लिहितात, तो होता वाळलेल्या हळकुंडाचा. पावडरीचा कोड 09103030, वाळलेल्या हळदीचा 09103020. एका आकड्याचा फरक, पण कस्टमला वाटतं की माल वेगळाच आहे. तो कागद आम्ही इथेच दुरुस्त केला. तीच चूक न्हावाशेवा बंदरात निघाली असती, तर कंटेनर उभा राहून रोजचं भाडं चढत गेलं असतं.

पैशाचा कायदा वेगळा, फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, 1999. निर्यातीचे पैसे मुदतीत बँकेमार्फत भारतात यायलाच हवेत. ती मुदत रिझर्व्ह बँक वेळोवेळी बदलते, तेव्हा जुन्या ऐकीव माहितीवर उधारी देऊ नका. ‘तिकडचा भाऊ इकडे रोख देईल’ असं कोणी म्हणालं तर तो सौदा सोडून द्या, आम्ही अशा व्यवहाराचे कागद करत नाही.

जीएसटी न भरता माल पाठवायचा असेल तर एलयूटी, म्हणजे त्यासाठीचं हमीपत्र, दर आर्थिक वर्षाला नव्याने भरायचं.

येताना पॅन, आयईसी, जीएसटी नोंदणी, बँकेचं एडी कोडचं पत्र (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँकेचा क्रमांक), मसाला असेल तर स्पाइसेस बोर्डाचं प्रमाणपत्र, आणि खरेदीदाराचा ईमेल किंवा ऑर्डर, जशी आली असेल तशी, घेऊन या.