पिकअप ट्रकच्या इंजिनाची शक्तिवृद्धी

पिकअप ट्रकच्या मूळ इंजिनातील भाग बदलून, त्याला नवी जोड देऊन किंवा त्याच्या संगणकाची आज्ञावली नव्याने लिहून अश्वशक्ती (हॉर्सपॉवर) वाढवण्याची पद्धत. ती सर्वाधिक रुजली अमेरिकेत. तिथे पिकअप हे शेतावरचे वाहन आहे, तसेच घरची गाडीही. शिवाय एकाच घराण्यातली व्ही-८ (इंग्रजी ‘V’ च्या आकारात आठ सिलिंडर असलेली) इंजिने वर्षानुवर्षे लाखोंनी निघाल्यामुळे सुट्या भागांचा मोठा बाजार तिथे उभा राहिला.

कोणता भाग निवडायचा हे कळायला एक हिशेब समजून घ्यावा लागतो. टॉर्क म्हणजे क्रँकशाफ्टला (पिस्टन फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याला) बसणारा पीळ. पाउंड-फुटांतल्या टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी (आरपीएम) गुणून ५,२५२ ने भागले की अश्वशक्ती निघते. २००० च्या सुमारास शेव्हरोले सिल्व्हरॅडोत येणारे ५.३ लिटरचे एलएम७ इंजिन उदाहरणादाखल घेऊ. त्याचा कमाल टॉर्क ३२५ पाउंड-फूट (सुमारे ४४१ न्यूटन-मीटर), तो ४,००० आरपीएमला मिळतो. पण तिथे अश्वशक्ती भरते जेमतेम २४८. पुढे ५,२०० आरपीएमला टॉर्क २८८ पर्यंत घसरलेला असतो, तरी अश्वशक्ती कळसाला पोहोचते : २८५. आता हेच इंजिन ६,००० आरपीएमलाही ३०० पाउंड-फूट धरून राहिले, तर आकडा ३४३ वर जाईल. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची झडपे, उघडणारा दांडा), सिलिंडर हेड (ही झडपे बसवलेले सिलिंडरचे झाकण) आणि हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या मोकळ्या नळ्या) यांच्यामागचा सारा खटाटोप टॉर्कची ही उतरण लांबवण्यासाठी असतो.

मराठी गॅरेजमध्ये ‘पिकअप’ या शब्दाला दुसराच अर्थ आहे. ‘गाडीला पिकअप नाही’ असे गिऱ्हाईक म्हणते तेव्हा त्याला हवी असते ती पाय दाबताच मिळणारी ओढ, म्हणजे खालच्या आरपीएमचा टॉर्क. मागे ट्रेलर जोडून चढ चढणाऱ्या माणसालाही तीच हवी असते. जाहिरातीतली अश्वशक्ती मात्र असते वरच्या टोकाची, आणि निवड फसते ती बहुधा इथेच.

कॅमशाफ्टवरून हे चांगले उमगते. एलएम७ मध्ये ब्लॉकच्या पोटात एकच कॅमशाफ्ट असतो आणि तो पुशरॉडांच्या साहाय्याने सोळाही व्हॉल्व्ह हलवतो. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम बसवला की इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारा) उशिरा मिटतो. वेगात आत शिरणारी हवा स्वतःच्या रेट्याने तेवढ्या वेळात आणखी भरत राहते, म्हणून वरच्या आरपीएमला लाभ. सावकाश फिरणाऱ्या इंजिनात हा रेटा नसतो. वर येणारा पिस्टन भरलेल्या हवेतला काही भाग उलट इनटेकमध्येच ढकलतो आणि ओढ कमी होते. उभ्या गाडीचे इंजिन मग अडखळत धडधडते, आणि त्या आवाजावर फिदा होऊन कॅम घेणारेही कमी नाहीत. कॅमची उचल (व्हॉल्व्ह किती उघडतो ते माप) वाढवली तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलणे ओघाने आले. नाहीतर चढ्या आरपीएमला व्हॉल्व्ह कॅमच्या मागे धावताना चुकतात. त्याबरोबर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना जोडणारा भाग) बदला, संगणक नव्याने ट्यून करा, असा खर्चाला खर्च जुळत जातो.

ओझे ओढणाऱ्याने म्हणून आधी मागच्या अॅक्सलकडे पाहावे. डिफरन्शियलचे (अॅक्सलवरच्या, चाकांना फिरवणाऱ्या गिअरसंचाचे) ३.४२ चे गुणोत्तर बदलून ४.१० केले, तर कोणत्याही गिअरमध्ये चाकाला मिळणारी ओढ सुमारे २० टक्क्यांनी वाढते आणि इंजिनाला हातही लावावा लागत नाही. अश्वशक्ती तेवढीच राहते. हमरस्त्यावर आरपीएम चढे राहते आणि पेट्रोल जास्त जाते, हा त्याचा भुर्दंड.

एअर फिल्टर, मोकळा सायलेन्सर, हेडर या किरकोळ गोष्टी. मूळ इंजिनावर फिल्टरचा लाभ आवाजातच अधिक जाणवतो. चांगल्या ट्यूनने मात्र इंधन आणि स्पार्कची वेळ नेमकी जुळते. त्यात चढ्या ऑक्टेनचे पेट्रोल लागणार असेल, तर ते रोज परवडेल का हे आधी पाहावे.

खरी उडी हवा दाबून भरण्यात आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब चौरस इंचाला १४.७ पाउंड असतो. टर्बो (एक्झॉस्टच्या झोताने फिरणारा हवेचा पंप) किंवा सुपरचार्जरने (इंजिनानेच फिरवलेल्या तशाच पंपाने) त्यावर ६ पाउंड चढवले की कागदावर ४१ टक्के जास्त हवा आत जाते. दाबलेली हवा तापते, म्हणून प्रत्यक्षात लाभ कमी होतो. ती थंड करायला इंटरकूलर हवा, शिवाय मोठे इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) हवेत, आणि नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) टाळण्यासाठी स्पार्क मागे घ्यावा लागतो. टर्बो खालच्या आरपीएमलाच टॉर्क देऊ शकतो, त्यामुळे तो पिकअपच्या कामाला मानवतो. २०११ च्या फोर्ड एफ-१५० मधील ३.५ लिटरचे व्ही-६ इकोबूस्ट इंजिन दोन टर्बोंच्या जोरावर ३६५ अश्वशक्ती देई, आणि त्याचा ४२० पाउंड-फूट टॉर्क अवघ्या २,५०० आरपीएमला मिळे. वाढीव ताकदीचा भार शेवटी गिअरबॉक्सवर पडतो. पहिला बळी बहुधा त्याचाच जातो.

डिझेलमध्ये मार्ग सोपा वाटतो : इंधन वाढवा, ताकद वाढते. १९८९ च्या डॉज पिकअपमधील ५.९ लिटरचे कमिन्स इंजिन १६० अश्वशक्तीचे, पण टॉर्क ४०० पाउंड-फूट. त्याची ताकद वाढवण्याच्या नादातून एक पंथच उभा राहिला. हवेपेक्षा इंधन जास्त झाले की काळा धूर येतो आणि एक्झॉस्टचे तापमान पिस्टन वितळवण्याइतके चढू शकते. नव्या गाड्यांतील धूर गाळणारा फिल्टर काढून टाकण्याची खोड याच पंथातली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२० मधील अंदाजानुसार, आधीच्या दशकभरात ५.५ लाखांहून अधिक डिझेल पिकअपांची प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा अशी काढली गेली. तिथल्या कायद्याने हे बेकायदेशीर आहे.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आडवे येते. आरसीवरील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. इंधनाचा प्रकार बदलण्यापुरती कलमात वाट ठेवली आहे. म्हणून पेट्रोल गाडीला सीएनजी किट रीतसर बसवून घेता येते. त्याने अश्वशक्ती कमी होते.